गोव्यात जिओकॅशिंग (जीपीएसच्या मदतीने कुणीतरी लपवलेली डबी शोधून तिच्यातल्या वहीत सही करण्याचा खेळ) सुरू करायचंय, त्यासाठी वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं लागेल का?

नाही, फोन पुरतो. उघड्या आभाळाखाली त्याची चूक साधारण ५ मीटरची, आणि शेवटचे ५ मीटर तसेही डोळ्यांनीच शोधायचे असतात. दाट झाडीत किंवा किल्ल्याच्या तटाला लागून फोनवरचा दिशा दाखवणारा बाण भरकटतो. तेव्हा फोन खिशात टाका आणि डबी लपवणाऱ्याने दिलेली खूण वाचा. पैसे खर्चायचेच तर टॉर्च घ्या. काठी कुठेही मिळेल. चिऱ्यांच्या फटीत फुरसं बसलेलं असू शकतं, आत न बघता हात घालायचा नाही. पेनापेक्षा पेन्सिल बरी, कारण आपल्याकडच्या दमट हवेत डबीतली वही ओलसर होते नि शाई फुटते. सही करून डबी होती तिथेच, झाकण घट्ट लावून ठेवा. आसपास पर्यटक घुटमळत असतील तर ते जाईपर्यंत थांबा. एक मात्र सांभाळा: उपग्रहावरून संदेश पाठवणारं गार्मिन इनरीचसारखं यंत्र परदेशातल्या पाहुण्याकडून मागवू नका. साधं जीपीएस वेगळं, याला परवाना लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाची एक पर्यटक यापायीच अडकली होती.