आईच्या नावाने पंधरा लाख: विद्यापीठाला आत्ताच द्यावेत का?

प्रश्न: माझं वय ६२, राष्ट्रीयीकृत बँकेतून क्लार्क म्हणून निवृत्त. पेन्शन महिना ३१ हजार. यजमान ६७ वर्षांचे, कापडाच्या दुकानात मॅनेजर होते, त्यांना पेन्शन नाही. माझ्या नावावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २२ लाख आहेत. घर स्वतःचं, मुलगा पुण्यात नोकरीला. जुळे सोलापुरातला माझ्या नावाचा प्लॉट दोन महिन्यांपूर्वी ३४ लाखांना विकला. तो १९९९ मध्ये ९० हजारांना घेतला होता. माझी आई विड्या वळायची. आमच्या अख्ख्या घरात पहिली पदवी माझी, मग एम.कॉम.ही केलं. ३४ लाखांपैकी १५ लाख आईच्या नावाने सोलापूर विद्यापीठाला द्यावेत असं मनात आहे. ज्यांच्या आईवडिलांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, अशा एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्या मुलांसाठी. सुवर्णपदक ठेवावं असंही कुणी सुचवलं. देणगीवर ८०जी कलमाची करसवलत मिळेल म्हणतात. यजमान म्हणतात, आधी आपलं म्हातारपण बघ. काय करावं?

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या यजमानांबद्दल. त्यांच्या म्हणण्याला कंजूषपणा समजू नका. घरात पेन्शन एकच आहे आणि तीही तुमची. उद्या तुमच्या माघारी त्यांना कौटुंबिक पेन्शन मिळेल, पण ती आजच्या रकमेपेक्षा बरीच कमी असेल. ६७ व्या वर्षी माणूस हा हिशेब मनात करतोच. म्हणून दान करायचं की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते अशा पद्धतीने करू, की त्यांच्या प्रश्नालाही उत्तर मिळेल.

आता कराचं, कारण तिथे तुमचा गैरसमज झालाय आणि तो महागात पडेल. प्लॉटवर तुम्हाला दीर्घ मुदतीचा भांडवली नफा झाला आहे. ढोबळ मानाने ३३ लाख धरा. (२००१ ची बाजारभावाची किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते, त्यामुळे नफा थोडा कमी निघेल. ते काम सीएचं.) १२.५ टक्के कर आणि वर सेस धरला तर सुमारे ४ लाख २९ हजार होतात. इंडेक्सेशन घेऊन, म्हणजे खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून, २० टक्के भरायचा पर्यायही तुम्हाला आहे, पण एवढ्या जुन्या आणि स्वस्त खरेदीत तो सहसा परवडत नाही. पैसे दान केले म्हणून हा कर टळत नाही. ८०जीची वजावट नव्या करप्रणालीत मिळतच नाही. जुन्या प्रणालीत मिळते, पण भांडवली नफ्यातून नाही, बाकीच्या उत्पन्नातून, आणि तिथेही उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. तुमची पेन्शन आणि व्याज धरून पंधरा लाखांच्या देणगीवर पंचवीस-तीस हजारांची वजावट पदरात पडेल. कर नव्हे हं, वजावट. थोडक्यात, ८०जी डोक्यातून काढून टाका.

त्याऐवजी एक रस्ता आहे आणि त्याला मुदत आहे. खरेदीखताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत नफ्याची रक्कम ५४ईसी बाँडमध्ये गुंतवली, तर तेवढ्या रकमेवरचा भांडवली नफ्याचा कर माफ होतो. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्या हे बाँड काढतात. मुदत पाच वर्षांची, मध्ये मोडता येत नाही. व्याज ५.२५ टक्के, वर्षातून एकदा खात्यात जमा. इतर वेळी या व्याजदरासाठी मी कुणाला हे बाँड सुचवणार नाही. पण तुमचे देण्यासाठी ठरवलेले १५ लाख यात घातले, तर त्यावरचा सुमारे १ लाख ९५ हजारांचा कर वाचतो आणि पाच वर्षं दरसाल ७८,७५० रुपये व्याज येत राहतं. मुद्दल शाबूत राहतं. हे ७८,७५० दरवर्षी मुलांना द्या. वाचलेले १ लाख ९५ हजारही मुलांसाठीच ठेवा, पण वेगळ्या कामासाठी. ते खाली सांगतो.

आज १५ लाखांचा एकच चेक दिलात, तर कर पूर्ण भरावा लागेल, पैसे हातातून जातील आणि आजारपणात परत मागता येणार नाहीत.

उरलेल्या पैशांचं सांगतो. बाँडमध्ये १५ लाख गेले की उरलेल्या नफ्यावर साधारण २ लाख ३४ हजार कर बसेल. तो आणि मुलांसाठीचे १ लाख ९५ हजार बाजूला काढले की १४ लाख ७० हजारांच्या आसपास राहतात. त्यातले ९ लाख यजमानांच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १८,४५० रुपये त्यांच्या खात्यात येतील. पैसे मुळात तुमचे, म्हणून कराच्या हिशेबात हे व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल. पण सगळं मिळून तुमचं उत्पन्न सात लाखांच्या आसपास राहतं, आणि नव्या प्रणालीत १२ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला सूट असल्याने एरवी कर लागणार नाही. प्लॉट विकलेल्या वर्षी मात्र नफा धरून एकूण उत्पन्न १२ लाखांच्या वर जातं आणि ती सूट मिळत नाही, तेव्हा काही हजारांचा कर वेगळा धरून ठेवा. बाकीचे साडेपाच लाख तुमच्याच बँकेत एफडीत, दोघांच्या नावाने, फक्त दवाखान्यासाठी. तुम्ही पत्रात आरोग्य विम्याचं काहीच लिहिलेलं नाही. निवृत्तांच्या ग्रुप पॉलिसीचा प्रीमियम चढत चाललाय म्हणून बरेच जण ती सोडतात. तुम्ही सोडू नका.

आता मुलांकडे येतो, आणि इथे जरा जास्त लिहिणार आहे, कारण पैसे कुठून काढायचे यापेक्षा ते कधी आणि कसे द्यायचे हा प्रश्न मोठा आहे.

तुमच्या वेळी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. २००४ मध्ये आपलं विद्यापीठ झालं, एका जिल्ह्यापुरतं, आणि पुढे त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. त्यामुळे विडी, टॉवेल आणि चादरीच्या घरांतली, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्या कोरडवाहू घरांतली मुलं आता जिल्ह्यातच एम.ए., एम.एस्सी. करतात. गेल्या वर्षी विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एक मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे आली होती. वडील टॉवेलच्या कारखान्यात, पगार आठवड्याला. त्यांना पर्सनल लोन हवं होतं. मुलीने वहीच्या पानावर हिशेब लिहून आणला होता: फीचा पहिला हप्ता, लॅब कोट, जर्नलं, हैदराबाद रोडवरून शहर ओलांडून केगावला विद्यापीठात जायचं रिक्षाभाडं, वापरलेला लॅपटॉप. खाली बेरीज केली होती आणि बेरजेवर दोनदा पेन फिरवून गोल काढला होता. रक्कम सोळा हजारांच्या आतली. शिष्यवृत्तीला ती पात्र होती, अर्जही भरला होता. पण पैसे भरायचे ऑगस्टमध्ये, आणि शिष्यवृत्ती खात्यात पडायला पुढचं वर्ष उजाडतं. पहिल्या सहामाहीसाठी आईची कानातली आधीच गहाण गेली होती, महिना दोन टक्क्यांनी.

ताई, या मुलांची अडचण बहुतेक वेळा रकमेची नसते, तारखेची असते. ज्या घरात आधी कुणी शिकलेलं आहे, तिथे काका किंवा मामा सोळा हजार सहज पुढे करतो आणि वर्षभराने विचारतो. या घरांत असा काका नसतो. म्हणून सुवर्णपदकाला माझा विरोध आहे. पदक मिळतं ते शेवटच्या परीक्षेनंतर, जी मुलगी सगळं निभावून पार पडली तिला. पहिल्या सत्रात जिचं नाव गळालं ती पदकाच्या यादीपर्यंत पोचतच नाही. मोठ्या ठेवीच्या व्याजातून दिलेल्या बक्षिसांचंही तेच होतं. शिवाय ठेवीचं व्याज तेवढंच राहतं आणि महागाई चालत राहते. वर्षाला सहा टक्क्यांनी भाव वाढले, तर आजच्या एक लाखाची किंमत बारा वर्षांत निम्मी होते.

म्हणून ते १ लाख ९५ हजार हातउसने द्यायला ठेवा. बिनव्याजी, माणशी पंधरा हजारांपर्यंत, शिष्यवृत्ती आली की परत. एका वेळी बारा-तेरा मुलांची सोय होते आणि तेच पैसे पुढच्या वर्षी पुन्हा फिरतात. काही परत येणार नाहीत, हे आधीच गृहीत धरा आणि त्यासाठी कुणाच्या मागे लागू नका. व्यवहार बँकेतूनच, रोखीने नको. एका साध्या कागदावर रक्कम आणि तारीख लिहा, बास. फीचा भाग थेट विद्यापीठाच्या खात्यात भरता येतो.

७८,७५० मात्र परत मागायचे नाहीत. ते नेट-सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांचे फॉर्म, प्रकल्पाची छपाई, मुलाखतीला जायचं तिकीट, शेवटच्या सत्रातली मेस यासाठी. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळाली की पीएच.डी.साठी महिना ३७ हजार मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही पीएच.डी.साठीच आहेत. मुलींच्या शुल्कमाफीचा २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता आहे, साध्या एम.ए., एम.एस्सी.ला त्याचा उपयोग नाही. म्हणजे पदवीनंतरची ही दोन वर्षंच सगळ्यात उघडी पडतात. तुमचे पैसे तिथेच जाऊ द्या, पीएच.डी.कडे वळवू नका.

आणि तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी बाकीच्या देणगीदारांकडे नसते. तुम्ही आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर होता. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं एखाद्या मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेचं किंवा आईने गटाच्या कर्जासाठी उघडलेलं निघतं, आणि मुलगा आपल्या पासबुकात पैसे शोधत बसतो. उत्पन्नाचा दाखला जुना, नॉन-क्रीमी लेअर संपलेलं, नावात वडिलांचं नाव आधी की आडनाव आधी. अर्ज अडकतात ते इथे. ज्यांचे आईवडील विडी कामगार आहेत, त्यांच्या मुलांना केंद्रीय कामगार मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. कामगाराचं ओळखपत्र लागतं. दोन सरकारी शिष्यवृत्त्या सहसा एकाच वेळी घेता येत नाहीत, तेव्हा कोणती फायद्याची हे आधी बघावं लागतं. घरी हे सांगणारं कुणी नसतं. प्रवेशाच्या दिवसांत आठवड्यातून एक दुपार विद्यापीठात जाऊन बसलात, तर कित्येकांचे अडकलेले पैसे सुटतील.

ट्रस्ट काढू का, असं बरेच वाचक विचारतात. तुम्ही काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलले की बदल अर्ज. वर्षाला ऐंशी हजार वाटण्यासाठी त्यातले दहा-पंधरा हजार कागदांतच जातील. त्यापेक्षा दोन-तीन विभागांतले विश्वासातले प्राध्यापक गाठा, विद्यार्थी विकास मंडळाला कल्पना द्या, आणि नावं त्यांनी सुचवायची, निर्णय तुम्ही दोन दिवसांत द्यायचा असं ठरवा. पात्रतेसाठी टक्क्यांची अट घालू नका. आईवडील पदवीधर नाहीत एवढं पुरे. थोरली बहीण कशीबशी बी.ए. झाली म्हणून धाकटीला नाकारू नका, त्या घरात अजूनही पहिलीच पिढी आहे. आणि चेक देताना फोटो काढू नका. त्या वयात ते फार लागतं.

आईचं नाव? कागदावर “आईच्या स्मरणार्थ, विडी कामगार” असं लिहा. ते मुलांना कळू द्या.

पाच वर्षांनी बाँड सुटतील तेव्हा तुम्ही ६७ च्या असाल, यजमान ७२ चे. तब्येती कशा आहेत, साडेपाच लाखांना हात लावावा लागला का, मुलांची खरी गरज कशाची निघाली, हे सगळं तेव्हा माहीत असेल. त्या वेळी १५ लाख विद्यापीठाला द्यायचे तर स्वतःच्या अटींवर द्या. मध्ये तुमचं काही बरंवाईट झालं तर काय, याची सोय आजच करा. बाँडवर नुसतं नॉमिनी लावून भागत नाही, नॉमिनी पैसे सांभाळतो, मालक होत नाही. मृत्युपत्रात एक स्वतंत्र कलम टाका: हे १५ लाख कशासाठी, आणि यजमानांना आजारपणात गरज पडली तर त्यांचा हक्क आधी. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मुलाला ते वाचून दाखवा. त्याचं मत तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, कदाचित त्याला आकडे कळलेले नसावेत.

खरेदीखत होऊन दोन महिने गेलेत, हातात चार आहेत. या आठवड्यात सीएकडून नफ्याचा नेमका आकडा काढून घ्या आणि बाँडचा अर्ज शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पैसे मुदतीच्या आत बाँडमध्ये जमा झालेले असावे लागतात. पहिलं व्याज यायला वेळ आहे, पण हातउसन्याचे पैसे लगेच मोकळे आहेत, तेव्हा येत्या प्रवेशापासूनच सुरुवात करता येईल.