गावची शाळा मुलांना भविष्यासाठी कशी तयार करू शकते?

ग्रामीण शाळा मुलांना पुढच्या काळाची कौशल्यं खरंच देऊ शकते का, तर हो. उदाहरण पुणे जिल्ह्यातलंच आहे, शिरूर तालुक्यातलं पाबळ. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम ही काम करत शिकवणारी संस्था सुरू केली. त्यातून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय माध्यमिक शाळांत गेला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य.

खरी गंमत कामाच्या आत आहे. समजा, शाळेला कुंड्यांसाठी लोखंडी स्टँड हवा आहे. आधी माप घ्यायचं, मग कागदावर आराखडा, अँगल (L आकाराची लोखंडी पट्टी) किती फूट लागेल, कापताना वाया किती जाईल, वेल्डिंग रॉड, वीज, मजुरी सगळं धरून खर्च काढायचा. काटकोन चुकला की स्टँड डुगडुगतो, आणि भूमिती का शिकायची हे कुणी सांगावं लागत नाही. मुलींनीही वेल्डिंग करायचं, मुलांनीही स्वयंपाक. मला ही बाब फार मोलाची वाटते.

पाबळला 2002 पासून फॅब लॅबही आहे, म्हणजे डिजिटल यंत्रांची कार्यशाळा. पण तुमच्या शाळेत लगेच थ्रीडी प्रिंटर हवाच असं नाही. गावातला वायरमन, गवंडी, रोपवाटिकावाले यांना शिकवायला बोलवा आणि वेळापत्रकात एक पूर्ण दिवस द्या. पस्तीस मिनिटांच्या तासात यातलं काही होत नाही.