सैल वायर आणि रंगाचा ठपका

प्रश्न : माझा मुलगा मर्चंट नेव्हीत फोर्थ इंजिनिअर आहे. अमेरिकेत बाल्टिमोरचा पूल पडला तेव्हा तो दुसऱ्याच बोटीवर होता. पण भारतीय खलाशांची टर उडवणारं एक कार्टून तेव्हा त्याच्या सगळ्या ग्रुपवर फिरलं. त्याला ते फार लागलं. आता त्याची बोट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाणार आहे. त्या अपघातात नक्की चूक कोणाची होती? आणि असल्या गोष्टीत कातडीचा रंग कुठून येतो?
— एक आई, गुहागर

उत्तर : ताई, ते कार्टून मीही पाहिलं. लंगोट लावलेली उघडीवाघडी माणसं बोटीत घाबरून आरडाओरडा करताहेत, असं ते चित्र. माझं उभं आयुष्य इंजिन रूममध्ये गेलं. बॉयलर सूट घालून, कान झाकून, अंग भाजेल अशा उष्म्यात तासन्‌तास काम करणारी आपली पोरं मी रोज पाहिली आहेत. त्यांचं असं चित्र काढणाऱ्याचा मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

घडलं ते असं. २६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर 'डाली' ही सुमारे ३०० मीटर लांबीची कंटेनर बोट बाल्टिमोरहून कोलंबोला निघाली. बोटीवर एक श्रीलंकेचा सोडला तर सगळे भारतीय होते, आणि बंदरातून बाहेर काढायला दोन अमेरिकन पायलट होते. ही गोष्ट त्या कार्टूनवाल्यांनी कधी सांगितली नाही. पुलाच्या अलीकडे बोटीची वीज गेली, परत आली, पुन्हा गेली. वीज गेल्यावर एवढं धूड ना वळत, ना थांबत. १ वाजून २९ मिनिटांनी ती फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबाला धडकली. त्याआधी बोटीवरून धोक्याचा इशारा गेला होता, म्हणून पोलिसांना दोन्ही बाजूंची वाहनं अडवता आली. मेरीलँडचे गव्हर्नर वेस मूर यांनी त्या रात्री जीव वाचवणाऱ्यांना वीर म्हटलं.

पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगार मात्र गेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर इथून पोट भरायला आलेली माणसं होती ती. ज्यांच्या नावानं अमेरिकेच्या प्रत्येक निवडणुकीत बोटं मोडली जातात, तेच रात्री दीड वाजता त्या देशाचा रस्ता दुरुस्त करत होते.

वीज का गेली, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला शोधून काढायला दीड वर्षाहून जास्त लागलं. ट्रान्सफॉर्मरच्या ब्रेकरकडे जाणारी एक वायर सैल होती. वायरच्या टोकाला नंबराची पट्टी चढवतात, ती नीट बसवलेली नव्हती, त्यामुळे वायर टर्मिनलमध्ये पुरती आत गेलीच नव्हती. दुसऱ्यांदा वीज गेली त्याचं कारण वेगळं. जनरेटरला इंधन पुरवायला फ्लशिंग पंप, म्हणजे खरं तर नळ्या साफ करायचा पंप, वापरला जात होता, आणि वीज परत आली तरी तो पंप आपोआप सुरू होत नाही. हे काम चुकीचंच होतं. बोट चालवणाऱ्या कंपनीच्या देखरेखीवर मंडळानं स्पष्ट बोट ठेवलं, आणि त्याआधीच बोटीचे मालक आणि व्यवस्थापक यांनी अमेरिकन सरकारला जवळपास १०.२ कोटी डॉलर देऊन तडजोड केली होती. खलाशी आपले म्हणून मी यावर पांघरूण घालणार नाही. तुमच्या मुलानंही घालू नये.

पण पुलाचंही ऐका. तो १९७७ मध्ये खुला झाला. १९८० मध्ये 'ब्लू नागोया' नावाची बोट याच पुलाला धडकली होती. बोट लहान, म्हणून निभावलं. त्याच वर्षी फ्लोरिडात 'समिट व्हेंचर' धडकून सनशाइन स्कायवे पूल कोसळला आणि ३५ माणसं गेली. त्यानंतर अशा पुलांना बोटीच्या धडकेचा धोका किती, हे मोजायची रीत ठरली. बाल्टिमोरच्या पुलाची ती मोजणी कोणी केलीच नाही. अपघातानंतर मंडळानं हिशेब केला तेव्हा धोका महत्त्वाच्या पुलांसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या जवळपास ३० पट निघाला.

आता रंग कुठून आला ते सांगतो. पूल पाण्यात पडलेला, पाणबुडे मृतदेह शोधताहेत, आणि समाजमाध्यमांवर महापौर ब्रँडन स्कॉट यांचा फोटो फिरू लागला: हा 'डीईआय महापौर'. नोकऱ्यांत आणि संस्थांत विविधता, समता, समावेश आणायच्या कार्यक्रमांना तिकडे डीईआय म्हणतात. स्कॉट काळे आहेत, एवढ्यावरून ही शिवी. ते २०२० मध्ये लोकांच्या मतांनी निवडून आले आणि पूल त्यांच्या ताब्यात नव्हताच. तो मेरीलँड राज्याच्या वाहतूक प्राधिकरणाचा. युटा राज्यातल्या एका रिपब्लिकन आमदारानंही याच चालीवर विविधतेला दोष दिला. स्कॉट टीव्हीवर म्हणाले की या लोकांना काळ्यांना हिणवणारा जो शब्द वापरायचा आहे तो उच्चारायची हिंमत नाही, म्हणून ते ही तीन अक्षरं वापरतात. मला ते पटतं.

पुढच्या जानेवारीत तेच झालं. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ माणसं मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हवाई वाहतूक प्रशासनातल्या विविधतेच्या धोरणाकडे बोट दाखवलं. हे कशावरून, असं विचारलं तर म्हणाले, मला कॉमन सेन्स आहे म्हणून. तेव्हा पोटोमॅक नदीतून सगळे मृतदेह निघालेसुद्धा नव्हते. मार्चमध्ये चौकशी मंडळानं आकडे मांडले: त्या विमानतळाजवळ २०२१ ते २०२४ या काळात विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायक अंतरावर आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या आणि प्रशासनानं त्यातून धडा घेतला नव्हता.

माझा सगळा राग याच्यावर आहे, ताई. रंगाचा ठपका पहिल्या तासात येतो आणि चौकशी वर्षानं. तोवर लोकांचं लक्ष उडालेलं असतं. सैल वायर, चुकीचा पंप, न केलेली मोजणी, न वाचलेल्या नोंदी, यांचे जे खरे जबाबदार, ते त्या गोंगाटात सहीसलामत निसटतात. कातडीला शिव्या घालून एकही पूल मजबूत झालेला नाही.

मुलाला सांगा, बोट बंदरात शिरायच्या आधी जनरेटर, पंप आणि स्टँडबायच्या सगळ्या तपासण्या स्वतः डोळ्यांनी बघ आणि लॉगबुकात लिही. वरिष्ठानं काही अयोग्य करायला सांगितलं तर तेही लिही. उद्या कोणी त्याच्या रंगावर बोललं तरी त्याचं लॉगबुक त्याच्या बाजूनं बोलेल.

प्रश्न : उपाध्यक्ष व्हान्स यांची पत्नी भारतीय वंशाची. एफबीआयच्या प्रमुखपदी काश पटेल यांना नेमलं. मग वर्णद्वेष कुठे आहे? माझी मुलगी-जावई डॅलसजवळ असतात. जावई म्हणतो, आपण कष्टानं वर आलो, काळ्यांनीही दर वेळी वर्णाचं कारण पुढे करू नये. डेमोक्रॅट हा विषय मतांसाठीच तापवतात.
— निवृत्त मुख्याध्यापक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सर, शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण त्यात तथ्य आहे. कारभाराचा जाब विचारला की काही पुढारी वर्णद्वेषाच्या आरोपामागे लपतात, हे मला मान्य. मेरीलँडमध्ये त्या पुलाच्या आयुष्यात दोन्ही पक्षांचे गव्हर्नर होऊन गेले. जाब दोघांनीही द्यायला हवा.

पण जावईबापूंचं म्हणणं मला मान्य नाही. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला १०० भारतीयांपुरतं. ते सताड उघडलं १९६५ च्या कायद्यानं. त्याच्या आदल्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा आला आणि १९६५ मध्येच मतदान हक्कांचा. रस्त्यावर लाठ्या खाऊन, कुत्री अंगावर घेऊन काळ्या माणसांनी देशाला लाज वाटायला लावली, म्हणून वंश पाहून माणसं घ्यायची जुनी पद्धत टिकू शकली नाही. जावयाच्या व्हिसामागे त्याचे कष्ट आहेतच, पण ते लोकही आहेत.

पद मिळालं म्हणजे संरक्षण मिळालं असंही नाही. १९८७ मध्ये जर्सी सिटीत भारतीय बायकांच्या कुंकवावरून नाव घेतलेल्या एका टोळीनं भारतीयांना हाकलून देऊ असं वर्तमानपत्राला लिहून कळवलं होतं. त्याच सुमाराला शेजारच्या होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाला इतकं मारलं की तो दगावला. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांनी श्रीराम कृष्णन यांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे सल्लागार नेमलं, तेव्हा त्यांच्याच समर्थकांतून एच-१बी व्हिसावरून भारतीयांवर शिव्यांचा पाऊस पडला. नोकऱ्या का जातात, पगार का वाढत नाहीत, हे कंपन्यांना विचारणं अवघड असतं. शेजारच्या घरातल्या सावळ्या माणसाला शिवी देणं सोपं. ब्रँडन स्कॉटवर आलेला ठपका आपल्या अंगावर यायला किती थोडा वेळ लागतो, हे त्या महिन्यात डॅलसमध्येही दिसलं असेल. जावयाला विचारून पाहा.

प्रश्न : 'डाली'वरच्या खलाशांचं पुढे काय झालं? लगेच घरी आले का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. बोट पुलाच्या सांगाड्याखाली अडकलेली होती आणि ते बोटीवरच होते. चौकशीसाठी एफबीआयनं त्यांचे फोन नेले; फोन नाही म्हणून घरी पैसे पाठवणंही अवघड झालं. खलाशांसाठी काम करणाऱ्या स्थानिक सेवाभावी केंद्रांनी त्यांना सिमकार्डं आणि खाण्याच्या वस्तू पोचवल्या. १३ मे रोजी सांगाडा स्फोटांनी तोडला तेव्हाही ते आतच होते. २० मे रोजी बोट मोकळी होऊन बंदरात आणली गेली. जूनमध्ये न्यायालयातल्या समझोत्यानंतर त्यांच्यातल्या आठ जणांना घरी जायची परवानगी मिळाली. बाकीच्यांना चौकशीसाठी आणखी थांबावं लागलं.