मधाच्या ओळीतलं शून्य

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी आम्ही संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचे अन्न-ताळेबंद पाहत आहोत. त्यात प्रत्येक देशाच्या नावापुढे मधाचीही ओळ असते : वर्षाला दरडोई किती किलो, दिवसाला किती उष्मांक, किती प्रथिनं, किती स्निग्धांश. आम्ही घेतलेल्या देशात मधाचा पुरवठा वाढत गेलेला दिसतो, पण प्रथिनं आणि स्निग्धांश सगळी वर्षं शून्यच. ही नोंदीतली चूक आहे का? आणि पुरवठा वाढला म्हणजे पोषण सुधारलं, असं मुलांनी लिहावं का?

उत्तर : चूक नाही, शून्य बरोबर आहे. आणि पोषण सुधारलं असं मुलांनी अजिबात लिहू नये. पण तुम्ही त्या शून्यापाशी थांबलात याचा मला फार आनंद झाला, कारण बहुतेक जण आलेखाची रेघ वर चढलेली पाहून पुढं जातात.

आधी मुलांना पेन्सिल घेऊन हिशेब करू द्या. १०० ग्रॅम मधात साधारण ३०४ उष्मांक, ८२ ग्रॅम कर्बोदकं (जवळजवळ सगळी साखरच), १७ ग्रॅम पाणी आणि जेमतेम ०.३ ग्रॅम प्रथिनं असतात. स्निग्धांश नसतोच. समजा, एका देशात दरडोई वर्षाला अर्धा किलो मध उपलब्ध आहे. त्याला ३६५ नं भागलं की दिवसाला १.३७ ग्रॅम येतात, म्हणजे चार उष्मांकांहून किंचित जास्त. प्रथिनं येतात ०.००४ ग्रॅम. दोन दशांश स्थळांचा तक्ता त्याला ०.०० च लिहिणार. पुरवठा दुप्पट झाला तर चाराचे आठ उष्मांक होतील, आणि माणसाला दिवसाला लागतात दोन हजारांच्या आसपास. साऱ्या जगाचा मिळून मध वर्षाला सुमारे १८ लाख टन भरतो. आठशे कोटी माणसांत तो वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाचे दोन उष्मांकही येत नाहीत.

आता ती वाढणारी रेघ. मी आहारशास्त्र शिकवत असतानाच बावीस वर्षं मधपेट्या सांभाळल्या, म्हणून या रेघेकडे मला दोन्ही बाजूंनी पाहता येतं. एका वर्षी फुलोरा भरात असताना सलग आठ दिवस पाऊस लागला. पेट्या तेवढ्याच, माश्या तेवढ्याच, पण मधयंत्रातून निघालेला मध आदल्या वर्षीच्या निम्माही नव्हता. त्याच वर्षी पाहणीसाठी एक जण आला. त्यानं पेट्या मोजल्या, ठरलेल्या सरासरीनं गुणलं आणि आकडा लिहून तो गेला. घरात खाल्लेला, शेजारी दिलेला मध त्यानं विचारला नाही. जंगलातल्या मोहोळांचा तर प्रश्नच नव्हता. तेव्हापासून उत्पादनाचा कुठलाही आकडा पाहिला की मला तो ओला फुलोरा आठवतो. एकदोन वर्षांच्या चढउतारावरून मुलांनी निष्कर्ष काढू नयेत. पाच-पाच वर्षांच्या सरासऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

शिवाय ताळेबंदातला पुरवठा ही उरलेली रक्कम असते. उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठ्यातला फरक धरायचा, बियाणं, नासधूस, उद्योगासाठीचा वापर वगैरे काढायचं आणि जे उरेल ते लोकसंख्येनं भागायचं. म्हणून भरपूर मध काढणाऱ्या देशाचा दरडोई पुरवठा तुटपुंजा असू शकतो. अर्जेंटिनाचा बहुतेक मध परदेशी जातो. जर्मनीचं उलटं : स्वतःचं उत्पादन गरजेपेक्षा खूपच कमी, तरी आयातीच्या बळावर मध खाण्यात हा देश जगात पुढच्या रांगेत. तुमच्या देशाची रेघ पेट्या वाढल्यामुळं चढली, आयातीमुळं की निर्यात मंदावल्यामुळं, हे उत्पादन, आयात, निर्यात आणि साठा असे चारही रकाने वेगवेगळे काढल्याशिवाय कळणार नाही. आणखी एक सावधगिरी घ्या. संघटनेनं या ताळेबंदाची पद्धत बदलली आणि नव्या पद्धतीची मालिका २०१० पासून सुरू होते. जुनी मालिका २०१३ ला संपते. दोन्ही एकाच रेघेत जोडल्या तर सांध्यावर दिसणारी उडी मधाची आहे की पद्धतीची, ते सांगता येत नाही.

आणि त्या आयातीत मध किती? युरोपीय संघानं २०२१-२२ मध्ये आयात मधाचे ३२० नमुने तपासले, त्यातले १४७ संशयास्पद निघाले. म्हणजे जवळजवळ निम्म्यांबाबत साखरेचा पाक मिसळल्याची शंका. ताळेबंदात मात्र हे सगळं ‘मध’ याच ओळीत चढतं. कष्टानं मध काढणाऱ्या मधपाळाला या स्वस्त पाकाशी स्पर्धा करावी लागते याचं मला फार वाईट वाटतं. अशा देशात पुरवठ्याची रेघ चढत असतानाच पेट्या बंद पडू शकतात.

म्हणून प्रकल्पात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मधाच्या ओळीत नाहीच. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७ पिकांना फळ किंवा बी धरण्यासाठी कमीअधिक प्रमाणात कीटक, पक्षी अशा परागवाहकांची मदत होते. बदाम, सफरचंद, भोपळावर्गीय भाज्या, कॉफी, सूर्यफूल या सगळ्यांत माश्यांचा हात आहे. गहू, तांदूळ, मका यांना त्यांची गरज नाही, म्हणून पोट भरण्याचे उष्मांक माश्यांवाचूनही मिळतील. पण अ आणि क जीवनसत्त्वं देणारी फळं-भाज्या घटतील. मधमाशीचं पोषणातलं देणं तिथं, फळांच्या, भाज्यांच्या आणि तेलबियांच्या ओळींत, दुसऱ्यांच्या नावावर नोंदलेलं आहे. मुलांना मधाच्या पुरवठ्याशेजारी पेट्यांच्या संख्येचाही आलेख काढायला सांगा. त्या दोन रेघा वेगळ्या दिशांना जात असतील, तर प्रकल्पाचा विषय तोच.

प्रश्न : साखरेऐवजी मध घेतला तर वजन आटोक्यात राहतं का?

उत्तर : चमच्याला चमचा घेतला तर नाही. चहाचा चमचाभर साखर साधारण ४ ग्रॅम, १६ उष्मांक; मध जड, तोच चमचा ७ ग्रॅम आणि २१ उष्मांक. मध साखरेपेक्षा गोड लागतो, म्हणून कमी घेतलात तरच फायदा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये मर्यादेत ठेवायला सांगितलेल्या साखरेत मधही धरला आहे : रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी, म्हणजे २,००० उष्मांकांच्या आहारात सगळी मिळून ५० ग्रॅमच्या आत. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटही चाटवू नका. बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू मधात असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात वाढतात, आणि मध गरम केल्यानं ते मरत नाहीत.