चार वर्तुळं आणि आंब्याची काडी

प्रश्न : मी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात ‘इकिगाई’ या जपानी कल्पनेवर, म्हणजे जगण्याचं कारण शोधण्यावर, कार्यशाळा झाली. काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय आणि पैसे कशाचे मिळतील, अशी एकमेकांत गुंतलेली चार वर्तुळं भरायला दिली होती; चारही जिथे मिळतात ते आपलं इकिगाई. मैत्रिणींची पटापट भरली, माझी मधली जागा कोरीच राहिली. तेव्हापासून वाटतंय, आपण शिकतोय तरी कशासाठी? एक वर्ष गॅप घेऊन आधी इकिगाई शोधू का? बाबा म्हणतात, ही थेरं बंद कर. (एक विद्यार्थिनी, दापोली तालुका)

उत्तर : कागद कोरा राहिला म्हणून इतकं घाबरून जाऊ नकोस. मैत्रिणींनी पटापट काय भरलं असेल, याचा मला थोडाफार अंदाज आहे. वर्गात तास संपायच्या आत आयुष्याचं ध्येय लिहून द्यायचं म्हटल्यावर माणूस शेजारणीच्या कागदात डोकावतोच.

दुसरं म्हणजे ती चार वर्तुळं मुळात जपानी नाहीतच. आंद्रेस सुसुनागा नावाच्या एका स्पॅनिश ज्योतिषाने ती मांडली आणि मध्यभागी ‘उद्देश’ असा शब्द ठेवला. २०१४ मध्ये मार्क विन या ब्रिटिश गृहस्थाने तो खोडून तिथे ‘इकिगाई’ लिहिलं, आणि चित्र जगभर फिरलं. जपानीत ‘इकि’ म्हणजे जगणं आणि ‘काई’ (जोडशब्दात ‘गाई’) म्हणजे मोल. जगावंसं वाटायला लावणारं जे काही असेल ते. तिथल्या आजीबाई नातवाला आपलं इकिगाई म्हणतील, कुणी परसातल्या भाजीला म्हणेल. त्यातून पगार निघाला पाहिजे अशी अट कुणीच घातलेली नाही.

या शब्दावर खोलवर काम केलं ते मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९६६ चं. पण त्या हे शिकल्या कुठे ते बघ. ओकायामा प्रांतात नागाशिमा नावाचं बेट आहे, तिथल्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत. त्या काळी जपानच्या कायद्याने या रुग्णांना समाजापासून वेगळं ठेवलं जाई. तो कायदा रद्द झाला १९९६ मध्ये. बेट आणि किनारा यांच्यामध्ये पाण्याचा अगदी चिंचोळा पट्टा, तरी पूल व्हायला १९८८ उजाडलं. घर सुटलेलं, नोकरी-धंद्याचा प्रश्नच मिटलेला. अशा ठिकाणी बरेच जण दिवस ढकलत होते, पण काही जण त्याच बेटावर आतून टवटवीत होते. दृष्टी गेलेल्या रुग्णांनी तर हार्मोनिकाचा वाद्यवृंद उभा केला होता. एकाच बेटावर, एकाच आजारात हा फरक कशाने पडतो, हा कामियाबाईंचा प्रश्न. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: ज्याच्यामुळे जगावंसं वाटतं ती गोष्ट, आणि तसं वाटणं. तुमच्या कार्यशाळेत या बाईंचं नाव निघालं असतं तर बरं झालं असतं.

आता तुझ्या पत्राकडे येते. वरती छापताना मी एक परिच्छेद गाळलाय. केमिस्ट्रीवर तू दीड ओळ लिहिलीस आणि मामाच्या नर्सरीवर पाऊण पान. कोय रुजून तांबूस पालवी आली की शेंडा छाटायचा, मधोमध उभा काप घ्यायचा, हापूसची त्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. पट्टी सैल राहिली तर काडी सुकते, हेही तू लिहिलंस. गेल्या पावसाळ्यात बांधलेल्या शंभर कलमांतली एकाहत्तर जगली, हा आकडा तुला पाठ आहे. सेमिस्टरचे गुण मात्र ‘बरे आहेत’.

म्हणून नर्सरी काढ, असं मी मुळीच सांगणार नाही. काही वर्षांपूर्वी असाच घाईचा सल्ला मी एका मुलाला दिला होता. आवडीचा धंदा झाला, धंद्याचा हप्ता झाला आणि आवड गेली. कलमं सध्या रविवारचीच राहू देत. पोटापाण्याचा विचार वेगळ्या वहीत कर.

गॅप घेऊ नकोस. घरी बसून इकिगाई सापडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पदवी पूर्ण कर. एम.एस्सी. करायची असेल तर आयआयटीची ‘जॅम’ परीक्षा शेवटच्या वर्षात असताना देता येते, फेब्रुवारीत असते, फॉर्म आधीच्या सप्टेंबरच्या सुमारास निघतात. नोकरी हवी असेल तर लोट्याच्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्या तुझ्यापासून फार लांब नाहीत. क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये बी.एस्सी.वाल्यांना जागा असतात. आणि या सुट्टीत एखाद्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत पंधरा दिवस नुसतं जाऊन काम बघ. तिथे टायट्रेशनच करतात, फक्त बाटलीतला नमुना कुणाच्या तरी बागेतला असतो. तेही रटाळ वाटलं तर तसं मला कळव.

बाबांशी इकिगाई या शब्दावरून वाद घालू नकोस. ‘गॅप घेत नाही, जॅमचा अभ्यास करते, पण जुलै-ऑगस्टचे रविवार मामाकडे’, एवढंच सांग. आणि यंदा कलमं बांधशील तेव्हा शंभरच बांध, म्हणजे एकाहत्तरशी हिशोब लावता येईल.