‘पोराला चढत नाही’ ही काळजी सोडण्याची नाही, करण्याची गोष्ट आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा १६ वर्षांचा. मित्राकडे चार बीअर पिऊन रात्री आपल्या पायांनी सरळ चालत घरी आला, सकाळी नेहमीसारखा उठला. मिस्टर म्हणाले, "पोराला चढत नाही, काळजी कसली करतेस?" आता त्यांचं म्हणणं असं की घरातच आपल्यासमोर अधूनमधून थोडी दिली तर तो बाहेर जाऊन ढोसणार नाही. धाकटी १३ वर्षांची आहे, ती हे सगळं बघतेय. या वयात दारूचा मेंदूवर परिणाम होतो हे खरं, की पोरांना घाबरवायला सांगतात, असं तुम्ही विचारलंय.

खरं आहे. पण सांगणारे ज्या पद्धतीनं सांगतात त्यात चुकीचंही बरंच असतं. आणि मिस्टरांचं ‘चढत नाही’ हे वाक्य तर नेमकं उलट्या बाजूनं वाचायला हवं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. व्यसनमुक्ती विभागात स्मरणशक्तीच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम. ‘याला चढत नाही’ हे कौतुक मी पालकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी पेन खाली ठेवतो.

चढली हे आपण कशावरून ठरवतो? जीभ जड होते, तोल जातो, डोळे मिटायला लागतात. ही लक्षणं दिसायला वाईट, पण कामाची आहेत. मोठ्या माणसाला झोप अनावर होते आणि तो आडवा होतो, म्हणजे पिणं आपोआप थांबतं. कोवळ्या वयात हाच ब्रेक ढिला असतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात स्कॉट स्वार्ट्झवेल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात उंदरांवर जे प्रयोग केले त्यात हे फार स्वच्छ दिसलं. वजनाच्या हिशेबानं सारखीच दारू दिली, तर वयात येणारे उंदीर मोठ्या उंदरांपेक्षा लवकर शुद्धीवर येत होते. पण पाण्यात बुडवून ठेवलेला चौथरा कुठे आहे हे लक्षात ठेवायचं काम दिलं की हेच तरतरीत दिसणारे उंदीर मोठ्यांपेक्षा जास्त चुकत होते.

म्हणजे एकाच मेंदूत एकाच वेळी दोन उलट गोष्टी. गुंगी कमी, विस्मरण जास्त.

१६ वर्षांच्या मुलांना प्रयोगशाळेत दारू पाजून बघता येत नाही, येऊही नये. माणसांत त्यातल्या त्यात जवळचा पुरावा याच गटानं १९९८ मध्ये दिला. २१ ते २४ आणि २५ ते २९ अशा दोन वयोगटांना दारू देऊन शब्द आणि आकृत्या लक्षात ठेवायला सांगितल्या. धाकट्या गटाची स्मरणशक्ती जास्त घसरली. इतक्या थोड्या वर्षांच्या फरकानं हे होतं, मग १६ व्या वर्षी काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

असं का होतं? दारू मेंदूत अनेक ठिकाणी हात घालते, त्यातली दोन महत्त्वाची. एक गाबा नावाचं रसायन, जे पेशींना शांत करतं. दारू त्याचा जोर वाढवते, म्हणून सैलावल्यासारखं वाटतं, झोप येते. दुसरं ग्लुटामेट, जे पेशींना जागं करतं. नवीन काही शिकताना दोन पेशींमधला सांधा पक्का व्हावा लागतो आणि त्यासाठी ग्लुटामेटचा एनएमडीए नावाचा दरवाजा उघडावा लागतो. दारू तो दरवाजा अडवते. आठवणी नोंदवण्याचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो आणि वयात येणाऱ्या प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे अडवणं जास्त जोरात होतं.

आता माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे ‘चालत घरी आला’ या वाक्याचा मला इतका धसका का ते कळेल. मी १७ वर्षांचा होतो. मित्रांबरोबर प्यायलो आणि त्या रात्री आत्याकडे झोपायला गेलो. दार आत्यानं उघडलं. मी उंबऱ्याशी बसून बुटाची नाडी सोडत होतो, नाडीला गाठ बसली होती, नखानं ती गाठ उकलत होतो. माझी त्या रात्रीची आठवण एवढीच. त्यापुढे सकाळ. चहा देताना आत्या म्हणाली, "आजोबांबद्दल काल बोललास ना, ते मला पटलं हो." आम्ही म्हणे स्वयंपाकघरात अर्धा तास बोलत बसलो होतो. मी पाणी प्यालो, दिवा घालवला, अंथरूणही घातलं. माझी जीभ अडखळत होती का, असं मी नंतर कधीतरी विचारलं. म्हणाली, "नाही रे, नीट तर बोलत होतास." तो अर्धा तास माझ्या डोक्यात नाही. विसरलो असंही नाही, कारण विसरायला आधी नोंद व्हावी लागते.

याला ब्लॅकआउट म्हणतात आणि बेशुद्ध पडणं वेगळं. डोनाल्ड गुडविन या मानसोपचारतज्ज्ञानं १९७० च्या सुमारास एक साधाच प्रयोग केला होता. दारूचं व्यसन असलेल्या माणसांना भरपूर दारू पाजायची, एक खेळणं दाखवायचं, दोन मिनिटांनी विचारायचं, अर्ध्या तासानं पुन्हा विचारायचं. दोन मिनिटांनी सांगता येत होतं. अर्ध्या तासानंतर निम्म्या जणांना खेळणं दाखवल्याचंच आठवेना. चालू संभाषणाचं भान राहतं, म्हणून समोरच्याला शंका येत नाही. पण आतली वही कोरीच राहते. शिवाय हे बहुतेक वेळा भरभर पिण्यानं होतं, आणि त्या वयात पिणं भरभरच असतं. चवीनं घोट घेणारा १६ वर्षांचा मुलगा मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून मिस्टरांना सांगा, मुलगा सरळ चालला का हे बघू नका. दुसऱ्या दिवशी शांतपणे, आवाज न चढवता विचारा, "कालचं शेवटचं काय आठवतंय तुला?" उत्तरात भोकं असली तर चढली होती. पायांत नव्हती, डोक्यात होती.

चार बीअर म्हणजे किती, तेही सांगून टाकतो. ३३० मिलिलिटरची, ५ टक्क्यांची बीअर धरली तर एका बाटलीत साधारण १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. चारांत ५२. शरीर तासाला ढोबळमानानं सात ते दहा ग्रॅमचाच निकाल लावतं. म्हणजे पाच ते सात तास मेंदू त्याच पाण्यात. बीअर म्हणजे दारू नव्हे, ही समजूत ज्यानं पसरवली त्याचं भलं होवो.

आता दीर्घकाळाचं. सहाव्या वर्षापर्यंत मेंदू आकारानं ९० टक्क्यांहून जास्त वाढलेला असतो. मग पुढची वीस वर्षं काय चालतं? शेतात विरळणी करतात तसं काहीसं. पेशींमधले जे सांधे वापरात नाहीत ते काढून टाकायचे, जे वापरात आहेत त्यांच्या तारांवर मायलिनचं वेष्टण चढवायचं, म्हणजे निरोप वेगानं जातील. हे काम मागून पुढे सरकतं. बघणं, हालचाल करणं यांचे भाग आधी तयार होतात. सगळ्यात शेवटी कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे ‘थांब, उद्या पेपर आहे’ असं म्हणणारा भाग. तो पंचविशीच्या आसपास पुरा होतो. मौजमजेची ओढ लावणारे भाग मात्र त्याच्या बरेच आधी जागे झालेले असतात. गाडी वेगात आणि ब्रेक अजून बसवायचे आहेत, अशी ती अवस्था.

या बांधकामात वारंवार आणि भरपूर पिणं आलं तर काय होतं, हे बघायला अमेरिकेत २०१२ पासून एनकँडा नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. १२ ते २१ वयाची ८३१ मुलंमुली, बहुतेकांनी तोवर दारूला जवळजवळ हात लावलेला नव्हता. वर्षावर्षानं त्यांचे एमआरआय काढत गेले. जे पुढे जास्त पिऊ लागले त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातला करडा थर नेहमीपेक्षा वेगानं पातळ होत गेलेला दिसला. लक्षात घ्या, या वयात तो पातळ होणं नैसर्गिकच आहे. बिघाड वेगात आहे. विरळणीच्या नावाखाली चांगली रोपंही उपटली जावीत, तसं.

हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो त्याचं कारण एक जुनी शंका. पिणाऱ्या मुलांचा मेंदू वेगळा दिसतो तो दारूनं, की मुळात वेगळा होता म्हणून ती प्यायला लागली? शंका रास्त आहे. युरोपातल्या इमाजेन या अभ्यासात १४ व्या वर्षीच्या माहितीवरून, म्हणजे स्वभाव, घरातल्या घडामोडी, मेंदूची चित्रं यांवरून, १६ व्या वर्षी कोण बेफाम पिणार याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता आला होता. म्हणजे थोडा फरक आधीपासून असतोच. पण पिण्याआधीचे आणि नंतरचे एमआरआय एकाच मुलाचे असले, की सगळं खापर स्वभावावर फोडता येत नाही.

चाचणीच्या टेबलावर हे कसं दिसतं ते सांगतो. मी १५ साधे शब्द वाचतो, मुलानं आठवतील तेवढे सांगायचे. असं पाचदा. पाचव्या वेळी बहुतेक जण बारा-तेरापर्यंत पोचतात. मग मध्ये दुसरंच काही काम देतो आणि अर्ध्या तासानं सहज विचारतो, मघाचे शब्द सांग बरं. वर्षभर दर आठवड्याला पिणारा एक मुलगा माझ्यासमोर होता, अभ्यासात हुशार. पहिल्या फेरीत एकदम फर्डा. अर्ध्या तासानं सातव्या शब्दावर अडकला. पंख्याकडे बघत बसला, बोटं मोजली, पुन्हा पंख्याकडे. मग हसून म्हणाला, "सर, तुम्ही तेवढेच वाचले होते." सॅन दिएगोमध्ये सँड्रा ब्राऊन आणि सुझन टॅपर्ट यांनी २००० मध्ये १५-१६ वर्षांच्या, दारूच्या आहारी गेलेल्या मुलांची अशीच तपासणी केली. निदान तीन आठवडे दारू बंद ठेवूनही ती मुलं बरोबरीच्या इतर मुलांपेक्षा सुमारे १० टक्के कमी लक्षात ठेवू शकत होती. १० टक्के घरात कोणाला जाणवत नाहीत. गणिताच्या पेपरात जाणवतात.

आता घाबरवणाऱ्यांबद्दल. ‘एका घोटात लाखो पेशी मरतात’ हे असं होत नाही. नुकसान जास्त करून सांध्यांचं, वेष्टणाचं, जुळणीचं असतं. चार बीअरच्या एका रात्रीनं तुमच्या मुलाचा मेंदू नासलेला नाही, हेही स्वच्छ सांगतो. वर लिहिलेले दीर्घकाळाचे परिणाम पुन्हापुन्हा, एका बैठकीत जास्त पिणाऱ्यांचे आहेत. पिणं थांबलं की काही आठवड्यांत, महिन्यांत बरंचसं सुधारतंही, सगळं नाही. अर्थात मुलाला खोटं सांगून घाबरवलंत आणि त्यानं ते पकडलं, तर पुढचं खरंही तो ऐकणार नाही.

घरात थोडी द्यावी का? माझं उत्तर नाही. तर्क गोड वाटतो, पण तपासल्यावर टिकला नाही. ऑस्ट्रेलियात १९०० हून जास्त मुलांचा १२ ते १८ या वयात सहा वर्षं पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. आईवडिलांनी दिल्यामुळे मूल बाहेर कमी प्यायलं किंवा त्रासातून वाचलं, असं दिसलंच नाही. उलट घरून मिळणाऱ्यांना बाहेरूनही मिळायला लागण्याची शक्यता वाढली. आणि अमेरिकेतला १९९७ चा एक मोठा हिशेब आहे: १५ च्या आत सुरुवात करणाऱ्यांपैकी दहांतले चार आयुष्यात केव्हातरी दारूच्या आहारी गेले. विशीत किंवा नंतर सुरू करणाऱ्यांत हेच प्रमाण दहांत एक. यात अनुवंशाचा, घरच्या वातावरणाचाही वाटा आहे, पण त्या पोरांच्या हातात पेला लवकर देऊन तो वाटा काही कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र आजच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. प्यालेलं मूल हलवूनही जागं होत नसेल, श्वास मिनिटाला आठाच्या खाली गेला असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचा खंड पडत असेल, ओठ निळसर, अंग गार पडलं असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणायचं नाही. कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, ओकारी काढायला लावायची नाही, तडक दवाखाना. शेवटचा घोट घेतल्यावरही रक्तातलं प्रमाण काही वेळ चढतच असतं. मुलाला हे पक्कं ठाऊक हवं की अशा वेळी फोन केला तर आधी गाडी येईल, ओरडा नंतर.

धाकटीबद्दल. मुलींच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूत त्यांच्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. भावाच्या बरोबरीनं प्यायला बसली तर ती त्याच्या किती तरी आधी धोक्यात असेल. १३ व्या वर्षी तिच्याशी मेंदूबद्दल बोलायला काही हरकत नाही, या वयात मुलांना ते फार आवडतं. तोवर निदान ‘दादाला चढत नाही’ हे कौतुक तिच्या कानावर पडणार नाही एवढं मिस्टरांकडून कबूल करून घ्या.