ठग, हूलिगन आणि लिउमांग
चिनी मुलांना इंग्रजी शिकवायला घेतलंस, छान केलंस. पण 'गुंड' या अर्थाच्या वीस शब्दांची यादी फळ्यावर लिहू नकोस. पहिल्या महिन्यात तीन पुरेत:

- हूलिगन: घोळक्याने दंगा, मोडतोड करणारा. १८९८च्या सुमारास लंडनच्या वर्तमानपत्रांत रुळला, आता फुटबॉलला चिकटलाय.
- थग: मारहाण करणारा.
- गँगस्टर: टोळीतला.

'थग'पाशी आधी आपणच घसरतो. शब्द आला आपल्याकडच्या 'ठग'वरून, पण मराठी ठग गोड बोलून टोपी घालतो, इंग्रजी थग डोकं फोडतो. मी पहिल्याच वर्गात त्याचा अर्थ 'फसवणारा' असा सांगून मोकळा झालो होतो!

मुलांची खरी अडचण म्हणजे 'लिउमांग' हा गुंडासाठीचा चिनी शब्द. शब्दकोशात त्याच्यासमोर हूलिगन दिसतं. चीनच्या १९७९च्या फौजदारी कायद्यातल्या त्या नावाच्या गुन्ह्याचं भाषांतरही तेच व्हायचं. १९९७ साली तो गुन्हा वगळला. पण बाईची छेड काढणाऱ्यालाही ते लिउमांगच म्हणतात. मग वहीत वाक्य येतं, 'बसमध्ये एका हूलिगनने मला हात लावला.' तिथे 'पर्व्हर्ट' हवं.

'हेइ-शहुई' म्हणजे गुन्हेगारी टोळी. त्याचं शब्दशः 'ब्लॅक सोसायटी' केलेलं दिसलं की लगेच खोड. 'गँग' लिहायला सांग. नाक्यावर टवाळक्या करणाऱ्या पोरांना गँगस्टर म्हणू देऊ नकोस, 'राउडी टीनएजर्स' बास.

बोलीतले बाकीचे शब्द नंतर बघू. फक्त अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला 'थग' म्हटलं तर ते वंशद्वेषी वाटू शकतं, एवढं पहिल्याच दिवशी सांगून ठेव.